पर्वातली कात्री

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व सुरू झालं की मगदुमांच्या घरातली विळी फडताळाच्या माथ्यावर जाई. हिरवं काही चिरायचं नाही, झाडाचं पान खुडायचं नाही आणि द्राक्षाची छाटणी कितीही तोंडावर आलेली असो, बागेत कात्री न्यायची नाही, ही त्या घराची रीत. धरणेंद्रची आई, जिला सारा गाव आक्का म्हणे, पहाटे बस्तीत, म्हणजे जिनमंदिरात, जाऊन अभिषेक पाहून यायची, दिवसातून एकदाच जेवायची आणि उरलेला दिवस सोप्यात बसून घराच्या अहिंसेवर पहारा द्यायची. त्या दिवसांत तिच्या नजरेतून डाळीतला किडासुद्धा सुटत नसे.

पण त्या सकाळी धरणेंद्र खिशात कात्री घालून निघाला, तेव्हा आक्कानं मान दुसरीकडं वळवली.

"तपासणीच्या काड्या हायत," तो चपला शोधत पुटपुटला. "ह्या हप्त्यात न्हाई नेल्या तर छाटणीची तारीख हुकंल."

"मी काय बगिटलं न्हाई," आक्का भिंतीकडं बघत म्हणाली. "जा बिगीबिगी."

आतल्या उंबऱ्यावर डाळ पाखडत बसलेल्या चंदनबालाचे हात थांबले. काडीला सूट मिळाली होती.

तिला मात्र मिळाली नव्हती. महिन्याभरापूर्वी मांडवावरच्या वेली बांधताना तिचा हात वर गेला, चोळी ताणली, आणि डाव्या स्तनाच्या बाहेरच्या कडेला काहीतरी तिच्याच शरीराला परकं असल्यासारखं बोटाखालून सरकलं. दुखत नव्हतं. कच्च्या मण्यासारखं ते कठीण आणि मुकं होतं. तिनं पहिल्यांदा ते सांगितलं सलिमाला. सलिमा कुतुबुद्दीनची बायको. छाटणीच्या कात्र्यांना धार लावायचं त्यांचं दुकान मगदुमांच्या घराला लागूनच होतं. कात्रीची पाती बदलायच्या निमित्तानं दोघी सांगलीला गेल्या आणि सोनोग्राफी करून आल्या. तिथून मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंकडं. बाईंनी हातानं तपासलं, चित्र पाहिलं आणि सांगितलं, की सुईनं आतला बारीक तुकडा काढून तपासायला हवा.

तिनं घरी हे सांगितलं, तेव्हापासून घरात सुई हा शब्द विटाळासारखा झाला होता. चोळीची गुंडी लावायची असली तरी चंदनबाला सुई मागायची नाही.

त्या शब्दामागं पद्मिनी होती. धरणेंद्रची थोरली बहीण, कडेगावला दिलेली, शेवटच्या आजारात माहेरी आलेली. सोप्यातल्या भिंतीवर चंदनी हाराखाली ती आता कायमची हसत असे. तिच्या छातीत गाठ होती, दवाखान्यात सुई घातली, आणि तिला पुढची दिवाळी दिसली नाही. घराला एवढी गोष्ट पाठ होती. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली होती, की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि आत हात घालायला फट उरली नव्हती.

"गाठ म्हंजे झोपल्याली नागीन," आक्का म्हणायची. "लोखंड लागलं की खवळती. पद्मीचं काय झालं, बगिटलंस न्हवं?"

"दुखतंय का तुला?" धरणेंद्र विचारायचा.

"न्हाई."

"मग झालं की! दुखत न्हाई त्येला कशाला डिवचायचं?"

आणि आक्का पाट्यावर कडुनिंबाचा पाला, हळद आणि कसलीशी मुळी वाटायची. पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिनं पाला खुडून ठेवला होता, म्हणजे नेम मोडायचा नव्हता. तो हिरवट लेप छातीवर बसला की चंदनबालाला वास यायचा, आणि त्या वासाबरोबर परसातला धुण्याचा दगड आठवायचा. त्या दगडापाशी आठवण आली की ती तिथंच उभी राहायची. पुढं जायची तिची छाती व्हायची नाही.

धरणेंद्र काड्या घेऊन परतला. भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळलेला तो भारा तान्ह्या पोरासारखा दिसत होता.

"मीबी येते," चंदनबाला उठली.

"तू कशाला?"

"काड्या धरायला. मागं बांधल्या तर डोळं झडत्याल."

ते खरं होतं, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. मोटरसायकलवर मागं बसून तिनं भारा मांडीवर घेतला. तासगावच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बागा उभ्या होत्या, पाला पिकून तांबूस झालेल्या, कात्रीची वाट बघणाऱ्या. गोणपाटातलं पाणी तिच्या लुगड्यातून मांडीपर्यंत झिरपलं. डाव्या कुशीला काड्यांची टोकं टोचत होती आणि ती त्यांना टोचू देत होती.

तपासणी केंद्र म्हणजे खताच्या दुकानामागची एक खोली. टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी पडदा, आणि रविराज नावाचा पोटसुटला, पान खाणारा माणूस. धरणेंद्रचा तो शाळेतला दोस्त.

"पर्वात कसं काय रं, मगदूम?" रविराजनं डोळा मारला. "आक्कानं सोडलं?"

"गप की गड्या. काम कर."

रविराजनं काडी उचलली, पात्यानं तिच्यावरचा पहिला डोळा, मिटलेला कोंब, उभा चिरला आणि काचेखाली धरला. पडद्यावर पांढुरक्या पाकळ्यांचं एक घर उघडलं. दरवर्षी काड्या इथं येत, पण चंदनबालानं हे कधी पाहिलं नव्हतं. बाहेरून सगळे डोळे सारखेच, तपकिरी, मिटलेले. पुढच्या हंगामाचा घड आत आहे की नुसता पाला, ते डोळा चिरल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मागं एका साली धरणेंद्रनं अंदाजानं छाटली होती आणि सबंध मांडवावर पाल्याशिवाय काही आलं नव्हतं. तेव्हापासून तो देवापेक्षा या काचेला जास्त मानत होता.

"खालचं डोळं मोकळं हायत," रविराज एकेक चिरत म्हणाला. "पाला नुसता. वर घड हाय. हे बग, ह्यो घडाचा मुटका दिसतोय का? काडी लांब ठेवून छाट."

"दिसतोय, दिसतोय," धरणेंद्रचा चेहरा उजळला. "आलो म्हनून बरं झालं. न्हाईतर औंदा बी पालाच तोडत बसलो असतो."

"रवीभावजी," चंदनबाला म्हणाली, "ह्यो डोळा चिरला म्हनून बाग मरती का?"

रविराज हसला. "बाग कशाला मरंल वयनी? चार काड्या तर आनल्यात."

"चिरल्यामुळं आतला घड पाल्याचा व्हतो का?"

"आतमदी हाय तेच दिसतं. पात्यानं काय घालायचं त्यात?"

तिनं धरणेंद्रकडं पाहिलं. तो पडद्यावरचा घड न्याहाळत होता. पण त्याला कळलं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चला, मिरजंला जाऊ."

"पर्व संपू दे. मग बगू."

"काडीला पर्व न्हवतं ते?"

"काडी येगळी. चंदना, पद्मीअक्का माझ्या हातात..." तो थांबला. भर बाजारात त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याची लाज वाटून तो किल्लीशी खेळू लागला. "मला भ्या वाटतंय गं."

"मलाबी वाटतंय. पर भ्या तुमाला वाटतंय आन छाती माझी हाय. तुमी जावा घरला. मी एस्टीनं जाते."

ती चालायला लागली. त्यानं एकदा हाक मारली, ती थांबली नाही. स्टँडवर मिरजेची गाडी लागलेलीच होती. ती खिडकीशी बसली. लुगड्याचा ओला भाग तिनं मुठीत धरला. लग्नानंतर नवऱ्याचा शब्द डावलून तिनं ओलांडलेली ही पहिलीच वेस होती, आणि ती ओलांडताना आभाळ जिथल्या तिथंच होतं. गाडी तासगावाबाहेर पडली तेव्हा तिनं सहज मागं पाहिलं. धुळीतून एक मोटरसायकल गाडीच्या पाठोपाठ येत होती. मागच्या सीटवर उरलेल्या काड्यांचं गोणपाट दोरीनं बांधलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. धरणेंद्र गोणपाट पायाशी ठेवून खुर्चीच्या टोकावर बसला आणि घरातले सगळे प्रश्न एकदम बाहेर पडले. "सुईनं पसरंल का? समदं काढून टाकनार का? सुई घालायची म्हंजे कॅन्सरच हाय असं का? आन सोनोग्राफी केलीया की, तेच्यात काय दिसलं न्हाई का?"

बाईंना ते प्रश्न नवे नसावेत. त्या घाईनं बोलल्या नाहीत. "सोनोग्राफीत गाठ आहे आणि तिचा आकार जरा संशयाचा आहे, इतकंच दिसलं. ती कसली आहे ते तुकडा पाहिल्यावरच कळेल. सुई घालायची म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. अशा बहुतेक गाठी साध्याच निघतात. आज काही कापून टाकायचं नाहीये, जागा बधिर करून शेवयीएवढे तुकडे घ्यायचे आहेत. आणि सुईमुळं कॅन्सर होत नाही, आणि सुई घातली म्हणून आजार वाढत नाही. वाढतो तो आपण नुसते बसून राहतो तेव्हा."

"आमच्या भनीला..."

"त्या किती दिवसांनी आल्या होत्या दवाखान्यात?"

धरणेंद्र पायाशी ठेवलेलं गोणपाट सरळ करू लागला. चंदनबालानं मान खाली घातली. उत्तर तिच्याकडं होतं.

आत, पडद्याआड, तिला कुशीवर निजवलं. औषधाची सुई मुंगीसारखी चावली आणि मग ती जागा तिची उरली नाही. "आता खटकन आवाज येईल, दचकू नका," बाई म्हणाल्या. खट्. शरीरात कुणीतरी दाब दिल्यासारखं झालं. पुन्हा खट्.

"आमची छाटणीची कात्री अशीच वाजती," चंदनबाला छताकडं बघत म्हणाली.

बाई हसल्या आणि बाटली तिच्या डोळ्यांपुढं धरली. पाण्यासारख्या औषधात पांढरे बारीक धागे तरंगत होते. ज्यासाठी महिनाभर घराला झोप नव्हती ते एवढंसं होतं. तिला त्या धाग्यांची दया आली.

घरी आक्का उंबऱ्यातच उभी होती. तिनं विचारलं नाही, तिला कळलं. त्या दिवसापासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. पूजेची ताटली चंदनबालाच्या पुढून उचलून नेली. जेवताना तिचं पान जरा लांब मांडलं. शब्दानं काही नाही. घरातल्या भांड्यांनीच तिला सांगितलं, की तू आता उष्टी आहेस.

आणि बायका आल्या. चुलत जावा, शेजारणी, बस्तीतून परतता परतता. सगळ्यांत पुढं चुलत जाऊ प्रियदर्शनी. "अर्दं काडलं म्हनं?" ती आवाज खाली आणून म्हणाली. "आता हात वर व्हनार न्हाई म्हनत्यात."

चंदनबालानं डावा हात वर करून तुळईला लावला. "बग. आनिक काय बगायचंय? पट्टी दावू का?"

"अगं बाई, लाज हाय का न्हाई!"

"लाजंनं तर वन्सं गेल्या," ती म्हणाली, पण इतक्या हळू, की ते फक्त आक्काला ऐकू गेलं.

पट्टीखाली काळंनिळं रक्त साकळलं होतं, पिकत्या काळ्या द्राक्षाच्या रंगाचं. आंघोळीच्या वेळी ती ते न चुकता पाहायची. ते रोज थोडं पिवळं होत गेलं, फिकं होत गेलं. ज्या जखमेनं घर हादरलं होतं ती मुकाट्यानं बरी होऊन निघून गेली.

अहवाल यायच्या दिवशी धरणेंद्र स्वतःहून म्हणाला, "चल." बाईंनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर होता. लहान होता, काखेत काही दिसत नव्हतं, लवकर सापडला होता. शस्त्रक्रिया करायची, पण सगळा स्तन काढावाच लागेल असं नाही. पुढचे उपचार त्यानंतर ठरवायचे.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर धरणेंद्र खाली बसला. "चंदना... सुई लावली न्हसती तर..."

"खालच्या डोळ्यात घड न्हवता," ती उभ्यानंच म्हणाली. तिचा आवाज फाटत होता, पण ती तो ओढून धरत होती. "तवा तुमी रवीभावजीच्या पात्याला शिव्या दिल्या का? आलो म्हनून बरं झालं म्हनाला हुता. आता तेच म्हना."

मग त्यानं तिचा हात धरला, सर्वांदेखत, आणि मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "आलो म्हनून बरं झालं."

घरी सांगितल्यावर आक्का रडली नाही. ती पाट्याकडं गेली आणि उरलेला सुकला पाला वाटायला बसली. वरवंटा जोरजोरानं फिरत होता. "पद्मीगत झालं," ती म्हणत होती. "सुईनं पद्मीला खाल्लं, आता हिला. सांगत हुते. कुनी ऐकलं न्हाई."

चंदनबाला तिच्यासमोर जमिनीवर बसली. आता ती धुण्याच्या दगडापाशी पोचली होती आणि या वेळी तिथं थांबणार नव्हती.

"आक्का, वन्संची कापडं मी धुतली हुती."

वरवंटा थांबला.

"तुमच्या लेपाखाली गाठ फुटली हुती. परसात, दगडावर, रोज. पू आन रगात. पाडव्यापासनं. सुई लागली श्रावनात. तुमी म्हनाला, बोलू नगंस, मी बोलले न्हाई. तवा मी लहान हुते, भ्याले. आता न्हाई भीत."

आक्काचे म्हातारे हात पाट्यावर तसेच पडून राहिले, हिरव्या रंगानं माखलेले. मग ती उठली आणि हात न धुताच आतल्या खोलीत गेली. इतकी वर्षं सुई दोषी होती, म्हणून ती आई जगू शकली होती, हे चंदनबालाला तेव्हा त्या पाठमोऱ्या चालीत दिसलं. पण तिनं शब्द परत घेतला नाही.

पर्व सरलं. क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात कळत नकळत जे दुखावलं असेल त्याची घरोघर जाऊन हात जोडून क्षमा मागायची, असा तो दिवस. मगदुमांचा सोपा बायकांनी भरला. सलिमाही दारात येऊन उभी राहिली; शेजार म्हणून ती दरवर्षी येई. धरणेंद्र खांबाला टेकून होता. आक्का भिंतीशी, पद्मिनीच्या तसबिरीखाली.

"पयल्यांदा चंदनानं मागावी," प्रियदर्शनी म्हणाली. "पर्वात घराचा नेम मोडून लोखंड लावून घेतलं. आन झालं ते समद्यांनी बगिटलंच. सुई लागली न्हसती तर आज ही येळ..."

चंदनबालानं हात जोडले.

"ह्या घरात माझ्या तोंडनं कुनाला वाकडं गेलं आसंल, त्येची क्षमा मागते," ती म्हणाली. "हातनं मुंगी मेली आसंल, डाळीतला जीव गेला आसंल, त्येची मागते. आक्कांना लागंल आसं बोलले, त्येची मागते." ती थांबली. जोडलेले हात तिनं सोडले. "सुईची न्हाई मागत. सुईची कवाच मागनार न्हाई. आन तुमच्यातल्या कुनाच्या हाताला काय लागलं तर मला सांगा, मी संगट येते."

बायकांत कुजबुज उठली. प्रियदर्शनीनं आक्काकडं पाहिलं, आता म्हातारी हिला सरळ करील अशा खात्रीनं. "आक्का, बगा की हिचं बोलनं! पद्मिनीवन्संचं काय झालं ते तुमीच सांगा हिला."

आक्काचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाज आला नाही. मग आला तो कुणी आजवर ऐकला नव्हता असा, विहिरीच्या तळाशी पोहरा खरडावा तसा.

"सुईला बोल लावू नगंस, पोरी. गाठ सुईच्या आदीची हुती." तिनं तसबिरीकडं पाहिलं नाही. "फुटल्याली हुती. मी लेप लावत बसले. मला ठावं हुतं आन मी लावत बसले."

दारात सलिमानं पदर तोंडाशी नेला. आक्कानं हात जोडले, पण ते कुणाकडं करून जोडायचे ते तिला समजेना. ते हात हवेत तसेच राहिले, आणि धरणेंद्रनं पुढं होऊन ते आपल्या हातांत घेतले.

बायका एकेक करून निघून गेल्या. जाताना प्रियदर्शनी चंदनबालाजवळ घुटमळली, मग पदर सावरत गेली.

सोपा रिकामा झाल्यावर आक्का उठली. स्टूल ओढून तिनं फडताळावरची विळी स्वतः खाली काढली, पदरानं पुसली आणि चंदनबालाच्या पुढ्यात ठेवली. मग माठातलं पाणी सुनेच्या हातातून घेऊन प्याली.

"आपरेशनला मीबी येते मिरजंला," ती म्हणाली. "त्या डाक्टरीनबाईला मला एक इचारायचं हाय."

"काय?"

"पद्मीचं. पाडव्याला नेली असती, तर..."

चंदनबालाला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि ते ऐकून म्हातारीचं काय होईल तेही तिला दिसत होतं. तिला मोह झाला, की नको म्हणावं, जुनं झालं म्हणावं, पुन्हा एकदा गप्प बसावं. बाहेर धरणेंद्र उद्याच्या छाटणीसाठी कात्र्या काढत होता. कुतुबुद्दीननं धार लावलेली पाती एकमेकांवर घासून वाजत होती.

"इचारा," ती म्हणाली. "पर बाई सांगंल तवा मान वळवायची न्हाई, आक्का."

आक्कानं मान वळवली नाही.